पप्पांसाठी किल्ट

आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये एक कागद चिकटवलेला आहे. लुंगी, बनियन किंवा गाउन घालून कॉमन एरियात फिरू नये. खाली सेक्रेटरींची सही. हे सेक्रेटरी रोज सकाळी मांडीपर्यंत चढलेल्या हाफ पँटमध्ये कुत्र्याला फिरवतात. ती चालते, कारण तिच्यावर परदेशी ब्रँडचं चिन्ह आहे.

पप्पा चाकणच्या कंपनीतून रिटायर झाले आणि रहाटणीच्या या फ्लॅटमध्ये त्यांना करण्यासारखं काही उरलं नाही. पार्किंगच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीला लागून मातीची एक पट्टी होती. बिल्डरने तिथे राडारोडा टाकला होता. पप्पांनी तो एकट्याने उपसला आणि कढीपत्ता, अळू, गवती चहा, जास्वंद लावली. शेजारणी कढीपत्ता ओरबाडून न्यायच्या आणि वर ‘काका, तुमच्या झाडाला कीड लागलीय’ म्हणून तक्रार करायच्या. पप्पांना त्याचंही कौतुक.

मग त्यांच्या मांड्यांवर चट्टे उठले. खाजवून खाजवून जखमा झाल्या. त्वचेच्या डॉक्टरांनी पँट बंद केली. हाफ पँटसुद्धा नको, घासते; सैल, सुती, हवा लागेल असं काहीही घाला. पप्पा लुंगी नेसून खाली गेले आणि सेक्रेटरींनी त्यांना पार्किंगमध्येच गाठलं.

“काका, तुम्ही समजूतदार आहात. बाहेरचे लोक फ्लॅट बघायला येतात. काय इम्प्रेशन पडतं?”

पप्पा वर आले ते पुन्हा खाली गेलेच नाहीत. दिवसभर टीव्हीसमोर, नाहीतर गॅलरीत उभे राहून खाली पिवळ्या पडणाऱ्या अळूकडे बघत. जेवणही कमी झालं. आईने विषय काढला की म्हणायचे, “नियम म्हंजे नियम. आपन काय शेतात राहतो का?”

मला भांडता येत नाही. चार लोकांत माझा आवाजच निघत नाही. पण मला वाचता येतं, आणि त्या कागदावर किल्ट, म्हणजे स्कॉटलंडचे पुरुष घालतात तो गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा घागरा, लिहिलेला नव्हता.

ऑनलाइन किल्ट शोधणं म्हणजे दाढीवाल्या पुरुषांचे फोटो बघणं. प्रत्येकाच्या हातात कुऱ्हाड, चेहऱ्यावर लढाईचे भाव, आणि गुडघे मात्र साबणाने नुकतेच धुतल्यासारखे. यांतल्या एकानेही कधी गवत उपटलं नसावं. खरे लोकरीचे किल्ट आमच्या ऐपतीबाहेरचे होते, आणि एप्रिलमध्ये रहाटणीत लोकर कोण घालणार? स्वस्तातले लाल चौकड्यांचे होते ते पॉलिस्टरचे. खाली गिऱ्हाइकांनी लिहिलं होतं, पहिल्याच धुण्यात रंग गेला, बकल तुटलं, पण ‘लुक भारी’. समोर लटकवायची केसाळ पिशवीही वेगळी विकत मिळत होती. तिच्यात खुरपं मावलं नसतं.

शेवटी मी आकुर्डीच्या एका शिंप्याकडे गेले. ते शाळांचे युनिफॉर्म शिवतात. मी मोबाइलवर फोटो दाखवला.

“स्कर्ट आहे. गिऱ्हाईक कितवीत?”

“रिटायर आहेत,” मी म्हटलं.

त्यांनी चष्मा वर केला. “नाटकात काम करतात?”

“बागेत.”

ते इतके हसले की मशीनवरच्या बाईंनी पाय थांबवला. मी खाली बघत राहिले, पण कापड मीच निवडलं: कंपनीच्या युनिफॉर्मचं जाड खाकी सुती, मळखाऊ, घरी धुता येणारं. पुढचा भाग सपाट, म्हणजे उकिडवं बसलं की तो गुडघ्यांमध्ये पडतो आणि सगळं झाकलं जातं. चुण्या मागे, चालायला मोकळ्या. बाजूला दोन पट्टे, कंबर कमीजास्त करायला. दोन खोल खिसे. लांबीची अक्कल मला शाळेने दिली होती. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मुलींना गुडघ्यांवर उभं करून स्कर्ट मोजायचे. काठ जमिनीला टेकला नाही तर घरी चिठ्ठी. मी उलट सांगितलं. गुडघे टेकले तरी काठ मातीला लागता कामा नये.

पप्पांनी तो उलटसुलट करून बघितला. “हा परकर हाय.”

“घाला हो,” आई म्हणाली. “घातलात की ओटी भरते तुमची.”

ते चिडले, पण घातला. दोन पावलं चालले, खाली बसले, उठले. मग खुरपं खिशात टाकून लिफ्टकडे गेले. मी गॅलरीत उभी राहिले.

सेक्रेटरी कुत्र्यासकट आले. थांबले. वरपासून खालपर्यंत बघितलं.

“अरे वा, काका! स्कॉटिश? एकदम क्लासी!”

त्यांनी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली टाळ्यांची रांग लागली. कढीपत्ता ओरबाडणाऱ्या एका बाईंनी ‘सो कूल’ लिहिलं. तीच उघडी पोटरी, तेच सुती कापड, तोच म्हातारा. मला इतकी किळस आली की मी फोन पालथा ठेवला. पण अळू सावरलं, चट्टेही सुकत गेले. मला तेवढंच हवं होतं.

नंतर खालच्या मजल्यावर एक आजोबा मुलाकडे राहायला आले, मराठवाड्यातून. एका संध्याकाळी ते लुंगीवर बागेपाशी आले. मी नेमकी गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते.

“बसू का इथं? वरी लई गुदमरतंय.”

पप्पा उभे राहिले, किल्टवरची माती झटकली. “इथे लुंगी अलाउड नाही हो. सोसायटी आहे. लोक फ्लॅट बघायला येतात.”

आजोबा ओशाळून हसले. “आस्सं व्हय? मला काय ठावं.” आणि वळले.

कपडे तसेच टाकून मी जिन्याने धावत खाली गेले. आजोबा लिफ्टपाशी उभे होते.

“आजोबा, चला, बसा तिथे,” मी म्हटलं. मोठ्याने निघालं.

“तुला काही कळतं का?” मागून आलेले पप्पा दबक्या आवाजात म्हणाले. “आपल्याला बोलतील.”

“बोलू देत. तुम्हीही त्यांच्यातलेच झालात.”

आजोबा बागेशेजारच्या कट्ट्याच्या टोकावर बसले, कधीही उठता येईल असे. मी त्यांच्या शेजारी बसले. विचारलं, गावाकडे काय लावता? ते सांगू लागले. पप्पांनी आमच्याकडे पाठ केली आणि नसलेलं गवत उपटत बसले. मागून किल्ट खरंच छान बसला होता.