एकच्या जागी एल

आधीच सांगून टाकतो, या सदरातले अनुभव मी वाचतो ते हसायला. रस्त्यात बाई दिसली, मागून पैंजण वाजले... वाजू द्या. मी मंठ्यात कितीतरी वर्षं टीव्ही-रेडिओ दुरुस्त करतोय. आपोआप चालू होणारा रेडिओ, बंद असताना खरखरणारा टीव्ही, असले सगळे 'अमानवीय' प्रकार लोक पिशवीत घालून माझ्या दुकानात आणतात आणि संध्याकाळी नीट करून घेऊन जातात. उघडलं की आत काहीतरी सापडतंच. झुरळ, ओल, सुटलेलं सोल्डर. भूत एकदाही सापडलेलं नाही. त्यामुळे खाली जे लिहितोय ते कुणाला घाबरवायला नाही. आयुष्यात एक फॉल्ट मला सापडला नाही, तो इथे मांडतोय. कुणाला सापडला तर खुशाल सांगा.

गोष्ट माझ्या अक्काची आणि दाजींची आहे. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचे मालक, आमचे दाजी, अंकुशनगरला साखर कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते, १९८१ पासून. तिथल्याच कॉलनीत त्यांना दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. माणूस शांत, पण बोटं तुफान. गप्पा मारतानाही मांडीवर टाइप करत राहायचे.

नव्वदचं दशक संपता संपता बाजारात एक टीव्ही गेम आला होता. दिसायला हुबेहूब कॉम्प्युटरचा कीबोर्ड. त्यातच कॅसेट घालायची खाच, टीव्हीला जोडायची वायर, सोबत एक माऊस आणि दोन रिमोट. खेळायच्या कंट्रोलरला आमच्याकडे सगळे रिमोटच म्हणायचे. एका कॅसेटमध्ये टायपिंग शिकवायचे, बाकीच्यांत विमानं, रणगाडे वगैरे. जालन्याहून दुकानासाठी माल आणताना मी एक सेट दाजींसाठी घेतला. त्यांना तो भारी आवडला, फक्त रिमोट हातात धरवेना.

"अंगठ्यानं काय खेळायचं राव?" दाजी म्हणाले. "अंगठा निस्ता स्पेस मारायला असतो. तू मला हे बटणावर करून दे."

"दाजी, जगात सगळे रिमोटनंच खेळतात."

"जगाला टायपिंग येत न्हाई, मंग ते काय करंल?"

म्हणून मी ती मशिन उघडली. रिमोटच्या आतल्या चार दिशांच्या तारा ए, एस, डी, एफ या चार बटणांवर आणल्या, म्हणजे टायपिस्टची डावी चार बोटं जिथे टेकतात तिथे. बंदुकीची तार माऊसच्या बटणावर बसवली. माऊस हलवून विमान हलायचं नाही, फक्त दाबलं की गोळी सुटायची. तरी दाजी तो असा फिरवायचे जसं काही विमान त्यांनीच धरलंय. आणि सांगायला लाज वाटते, पण त्या माणसानं मला रिमोटवर एकदाही जिंकू दिलं नाही. मी अंगठे दुखेपर्यंत खेळायचो आणि ते चहा पीत हरवायचे. पुढे रिमोट दोन्ही बिघडले आणि माझ्या दुकानात भंगारच्या डब्यात गेले. दाजींचं काहीच अडलं नाही.

त्यांची एक खोड मात्र होती. टाइपरायटरवर ओळ संपली की डावा हात उचलून मशिनचा लोखंडी दांडा सरकवावा लागतो. इतक्या वर्षांची सवय... गेममधला एक टप्पा संपला की दाजींचा डावा हात आपोआप उठायचा आणि हवेत नसलेला दांडा सरकवायचा. तेवढ्यात पुढचा टप्पा सुरू झालेला असायचा. बटणावर हात नाही, विमान जागच्या जागी उभं, आणि धडाम्! ते मेले की त्या एका कारणानं मेले. अक्का स्वयंपाकघरातून हसायची, "दांडा सरकवला वाटतं!"

दाजी गेले ते एका दुपारी ऑफिसातच, खुर्चीत बसल्या बसल्या. हार्ट अॅटॅक. त्यावर जास्त लिहीत नाही.

अनुकंपावर अक्काला नोकरी द्यायला ऑफिस तयार झालं. जागा टायपिस्टचीच. अट एक होती, ठरलेल्या मुदतीत टायपिंगची परीक्षा पास व्हायची. नापास झाली तर नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर क्वार्टर रिकामं. मग टेंभुर्णीला सासरी जायचं, तिथे दीर-जावांच्या हाताखाली राहायचं. पोरगी नववीत, हुशार, कॉलनीजवळच्या शाळेत पहिली यायची. अक्कानं जन्मात मशिनला हात लावला नव्हता. बाई चाळिशीला आलेली. पण एसटीनं रोज अंबडला इन्स्टिट्यूटमध्ये जाऊ लागली. मराठी टायपिंग तिनं पहिल्या झटक्यात काढलं. इंग्रजी अडलं.

इन्स्टिट्यूटमध्ये रोज एकच तास मिळायचा. घरी सराव कशावर करायचा? इथे तुमचा हा शहाणा पुढे आला. "अक्का, टीव्ही गेमवर कर की! कीबोर्ड तो कीबोर्ड. त्याच्यावर काय अन् टाइपरायटरवर काय, अक्षरं तिथंच." मी फार छातीठोकपणे सांगितलं होतं. अक्कानं ऐकलं. दुपारी टीव्ही लावून ती टायपिंगची कॅसेट घालायची आणि बसायची.

परीक्षेला इन्स्टिट्यूटवाल्यांनी मशिनी टेम्पोत घालून जालन्याला नेल्या. अक्का व्यवस्थित टाइप करत होती. उतारा निम्मा झाला आणि त्यात आकडा आला, एक. अक्काची करंगळी वर डाव्या कोपऱ्यात गेली, जिथे टीव्ही गेमवर एकचं बटण आहे. आणि त्या टाइपरायटरला एकचं बटणच नव्हतं! जुन्या मशिनींना नसायचंच. आकडे दोनपासून सुरू. एकच्या जागी इंग्रजी लहान एल मारायचा, दिसायला सारखाच. इन्स्टिट्यूटमध्ये तिला हे शिकवलेलं होतं, पण घरच्या सरावानं हात फिरला होता. बोट पत्र्यावर आपटलं, ती घाबरली, ओळ हुकली, मग पुढची हुकली.

ती नापास झाली ती माझ्यामुळे. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा अंबडच्या एसटीत बसली. मुदतीत बसणारी आता एकच परीक्षा उरली होती.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी शेजारच्या एसटीडी बूथवर तिचा फोन आला. "तुझी मशिन बिघडली. जल्दी ये."

रविवारी गेलो. भर दुपार, दारं-खिडक्या उघड्या, बाहेर लुगडी वाळत घातलेली. मुद्दाम सांगतोय, अंधार वगैरे काही नव्हता. अक्कानं टीव्ही लावला आणि माझ्यासमोर 1981 टाइप केलं. नोकरीच्या अर्जात दाजींच्या नेमणुकीचं वर्ष होतं, ते ती सरावाला घ्यायची. टीव्हीवर त्या कॅसेटमध्ये सगळी अक्षरं कॅपिटलच उमटायची. उमटलं ते असं:

L98L

"एक दाबलं की एल येऊन राह्यलाय," अक्का म्हणाली. "आठ दिवस झाले."

"शॉर्ट असंल," मी म्हणालो. "दहा मिनिटांचं काम."

मशिन उघडली. पहिला संशय माझ्याच तारांवर. त्या चारही तोडून पाहिल्या. अक्कानं दाबलं, L. तारा पुन्हा जोडल्या. एक आणि एल यांचे पट्टे बोर्डावर दोन टोकांना आहेत, ते एकमेकांना कुठेच भेटत नाहीत. मीटर लावला. एक दाबलं की एकचाच संपर्क जुळतो. सगळं बराबर. रबर स्पिरिटनं पुसलं, बंद केलं आणि स्वतः एक दाबलं.

1.

"हे बघ. झालं," मी ऐटीत म्हणालो.

अक्कानं दाबलं. L.

मी दाबलं. 1. अक्कानं दाबलं. L. शेजारच्या वहिनींना हाक मारली, त्यांनी पिठाचं बोट पदराला पुसून दाबलं. 1. मला वाटलं, अक्काचं बोट तिरकं पडत असेल, शेजारचं काहीतरी दबत असेल. मी पेन्सिल घेतली, उलट्या टोकानं दाबलं, 1. तीच पेन्सिल अक्काच्या हातात दिली. L. शेवटी मी तिचं बोट माझ्या हातात धरलं आणि मीच दाबलं, दोन्ही बोटं एकावर एक.

L.

माझ्या धंद्यात याला नाव नाही. बोट कुणाचं आहे हे बटणाला कळत नसतं. ते रबराचं असतं.

मशिन मी मंठ्याला नेली. आठवडाभर दुकानात चालवली, अख्खा एकचा पाढा टाइप केला, एकदाही चुकली नाही. परत आणून दिली. अक्कानं दाबलं. L.

मी वैतागून म्हणालो, "दुसरी आणतो, ही दे फेकून."

अक्का उठली. कपाटातून तिनं एक फाइल काढली. दाजींनी टाइप केलेल्या जुन्या कागदांच्या कार्बन कॉप्या होत्या. तिनं एकेका तारखेवर बोट ठेवलं. "बघ. तुझे दाजी एक कधी मारायचेच न्हाईत. एलच मारायचे. ह्या गेमच्या मशिनवर एकचं बटण होतं तरी त्यांचा हात एलवरच जायचा. मी हसायचे त्यांना." मग तिनं फाइल मिटली. "नको नीट करूस. ऱ्हाऊ दे असंच."

"अक्का, असं काही नसतं."

"न्हाई तर न्हाई. पण मी आता एककडं जातच न्हाई. गेले की ते मला एल करून दाखवून राह्यलेत. पोराला शिकवावं तसं."

मी वाद घातला नाही. पटलं म्हणून नव्हे. माझ्या शहाणपणानं एकदा तिचं नुकसान झालं होतं, म्हणून.

परीक्षा झाली, निकाल लागला. अक्का पास! निकालाच्या रविवारी मी पेढे घेऊन अंकुशनगरला गेलो. परीक्षेतल्या उताऱ्यातही आकडे होते म्हणे, आणि तिचं बोट एकदाही पत्र्यावर गेलं नाही. मी आजवर कुणाच्या पाया पडताना रडलो नव्हतो, त्या दिवशी अक्काच्या पडताना रडलो.

चहा झाला. अक्काच म्हणाली, "ती विमानाची कॅसेट लाव रे. कधी खेळलेच न्हाई मी."

तिनं डावी चार बोटं ए, एस, डी, एफवर टेकवली, उजव्या हातात माऊस घेतला. अगदी त्यांच्यासारखी बसली. आणि खेळलीही चांगली, टायपिंगनं बोटं तयार झाली होती. मी शेजारी पाय पसरून बसलो होतो, सूचना देत होतो. पहिला टप्पा संपला.

तिचा डावा हात उठला. हवेत गेला आणि नसलेला दांडा सरकवू लागला. आता तीही टायपिस्ट झाली होती ना. मी ओरडलो, "अक्का, हात!" पुढचा टप्पा सुरू झाला होता, वरून गोळ्या येत होत्या, आणि तिचा हात अजून हवेतच होता.

विमान डावीकडे सरकलं. मग उजवीकडे. दोन गोळ्यांच्या मधून अलगद निघालं.

चारही बटणं मला स्पष्ट दिसत होती. त्यांवर कुणाचंही बोट नव्हतं. तिचा उजवा हात माऊसवर होता, पण माऊसनं विमान हलत नाही, ती तार मीच जोडलीय. रिमोट भंगारात. अक्कानं हात खाली आणायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला... मला वाटतं, मुद्दाम. तेवढा वेळ विमान एकही गोळी न लागता चालत राहिलं. मग तिनं बोटं टेकवली आणि खेळ पुन्हा तिच्या हातात आला. अर्ध्या मिनिटात ती हरली, कारण तिला समोरचं नीट दिसत नव्हतं.

तिनं डोळे पुसले, कॅसेट बदलली आणि टायपिंगचं पान उघडलं. हळूच एक दाबलं.

1.

पुन्हा दाबलं. 1. मग 1981 लिहिलं. चारही आकडे जसेच्या तसे उमटले.

"झाली बघ तुझी मशिन दुरुस्त," अक्का म्हणाली. "आता त्यांचं काम न्हाई राह्यलं इथं."

त्यानंतर ते बटण कधीच चुकलं नाही. अक्का दाबो, मी दाबो, 1 म्हणजे 1. पुढे अक्का त्याच ऑफिसात कामाला लागली, पोरगी तिथंच शिकली, क्वार्टर राहिलं. सेट आता माझ्या दुकानात वरच्या फळीवर आहे, आणि तारा आहेत तशाच आहेत.

बोर्डाचा नकाशा मला पाठ आहे. बोटाबोटात फरक करील असा एकही भाग त्यात नाही, आणि हात नसताना विमान चुकवील असाही नाही. गेमचा आपोआप चालणारा डेमो म्हणाल तर तो खेळाच्या मधूनच सुरू होत नाही. माझा अजूनही असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण आजवर हजारो सेट नीट होऊन दुकानातून गेले, लोक हसत घेऊन गेले. नीट झालेला सेट बघून वाईट वाटलं, असा तो एकच. तो मी केलेला नाही आणि कसा झाला ते मला सांगता येत नाही.