भरती किती वाजता?

आम्ही गाव सोडलं तेसुद्धा भरती बघून. त्या दिवशी त्रयोदशी होती. ह्यांनी आदल्या दिवशीच जाहीर केलं होतं, "पावणेदहाला पूर्ण भरती. नवाच्या लाँचने निघायचं." मी पहाटेपासून कुलूप लावत होते आणि पुन्हा उघडत होते. गॅस बंद केला का, मांजरीसाठी पडवीत दूध ठेवलं का, एक ना दोन. जेट्टीवर निम्मा गाव जमला होता. लाँच सुटली तसा खलाशी ओरडला, "भाऊ, उद्यापासून भरती कुणाला विचारायची?" सगळे हसले. हे खाडीचं दुसरं टोक येईपर्यंत चष्मा पुसत बसले.

तुम्हा गावाकडच्यांना हे सगळं ठाऊक आहे. पण माझ्यासारख्या लेकी-सुनांच्या मागे परदेशी आलेल्या बायकाही हे वाचतील, त्यांच्यासाठी सांगते. हे बंदर खात्यात क्लार्क होते. निवृत्त झाले तरी लोक भरतीची वेळ ह्यांनाच विचारायला यायचे, कारण ह्यांचा हिशोब तोंडपाठ. आजची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. माझे सासरे ह्यांना लहानपणी जेट्टीवर बसवून म्हणायचे, "आधी तिथी सांग, मग पाण्याकडे बघ."

सिंगापूरला टॅम्पिनीसमध्ये मेधाचा, आमच्या मुलीचा, अकराव्या मजल्यावर फ्लॅट आहे. ती रॅफल्स प्लेसला बँकेत. सकाळी एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, जाते ती दिवेलागणीला परत. आम्हाला इथे राहायचा वर्षाचा पास मिळाला होता आणि परतीचं तिकीटही काढलेलं होतं. गावाहून आणलेल्या कॅलेंडरवर ह्यांनी परतीच्या तारखेला लाल पेनने गोल केला आणि रोज सकाळी चहाआधी त्याचं दर्शन घेऊ लागले.

मी आठवडाभरात रुळले. खोटं कशाला बोलू, मला आवडलंच. खालच्या बाजारात ताजी मासळी, विहिरीचं पाणी शेंदायला नको, शेजारची चिनी बाई हातवारे करून आलं स्वस्त कुठे ते सांगायची. हे मात्र खिडकीशी बसून समोरच्या ब्लॉकमधून बांबूंवर वाळत घातलेले कपडे मोजायचे. "इथे मला कुणी काही विचारत नाही गं," असं एकदा म्हणाले. एवढंच. हा माणूस वर्षभर इथे राहील, पण रमणार नाही, आणि लाल गोल आला की मुलीला सोडून मला परत जावं लागेल, हे मला दिसत होतं.

टॅम्पिनीसच्या पुढचंच स्टेशन पासिर रिस, आणि तिथे समुद्र. एका संध्याकाळी मी ह्यांना ओढतच नेलं. किनाऱ्यावर आमच्याच वयाचे एक चिनी गृहस्थ गळ टाकून बसले होते. साडेपाच वाजले होते आणि ते वैतागून सामान आवरत होते. "नो फिश टुडे लाह," आम्हाला म्हणाले. ह्यांनी पाण्याकडे पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि बंदर खात्याच्या इंग्रजीत सांगितलं, "डोन्ट गो. वॉटर कमिंग. फुल अ‍ॅट सेव्हन थर्टी."

त्या गृहस्थांनी खिशातून भरती-ओहोटीचं छापील कोष्टक काढलं. सात पन्नास. त्यांनी ह्यांच्याकडे नखशिखांत पाहिलं. "वाह, अंकल! यू नो हॅव बुक, हाऊ यू नो?"

दशमी होती त्या दिवशी. घरी येईपर्यंत हे त्या वीस मिनिटांवर कुरकुरत होते. चूक आपली नाही, इथलं घड्याळच सूर्याच्या पुढे पळतं, हा निकाल ह्यांनी जेवताना दिला. आणि भात दुसऱ्यांदा मागून घेतला. समुद्र इथेही तिथी पाळतो, याचा ह्यांना इतका आनंद झाला होता की मेधा मला डोळ्यांनी विचारत होती, बाबांना झालंय काय?

मग रोजची पासिर रिसची फेरी सुरू झाली. त्या गृहस्थांचं नाव लिम. आठवड्याभरात लिमच्या जोडीला आणखी तिघे-चौघे गळवाले ह्यांना विचारू लागले. कोष्टक सगळ्यांच्या खिशात होतं, तरी विचारायचे. हे वीस मिनिटं मिळवून उत्तर द्यायचे आणि ते कोष्टक काढून टाळ्या पिटायचे. म्हातारी माणसं, पण शाळा सुटल्यासारखी.

मार्गशीर्ष आला. मेधा एका रविवारी हळूच म्हणाली, "बाबा, तिकीट..." हे कॅलेंडरसमोर उभे राहिले. लाल गोलात काळं टिंब होतं. अमावास्या.

"त्या दिवशी कसं निघणार?" हे म्हणाले.

जन्मभर अमावास्या न मानलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकून मेधा चकितच झाली. "बाबा, तुम्ही कधीपासून..."

"अमावास्येचं काय घेऊन बसलीस! पावणेसहाला खडखडीत ओहोटी आहे. लिमला चिखलातल्या शिंपल्या, आपल्या तिसऱ्या, कशा शोधायच्या ते दाखवायचं ठरलंय. तिकीट पुढे ढकल. आणि तो पास वाढवून मिळतो का बघ."

मी स्वयंपाकघरात गेले आणि उगीचच नळ सोडला.

याला आता तीन वर्षं झाली. मे महिन्यात आम्ही गावी येतो, कौलं बघतो, आंबे खातो. लाँचवरचा तो खलाशी अजून ह्यांच्या कॉलिंग कार्डावरच्या फोनची वाट बघतो म्हणे, आणि हेही त्याला इथून भरतीची वेळ कळवतात. घर कुठलं, असं मला विचाराल, तर जिथे ह्यांना कुणीतरी भरती विचारतं ते.

त्या अमावास्येची संध्याकाळ सांगते आणि थांबते. आम्ही दोघं आणि लिम गुडघाभर चिखलात होतो. माझ्या पिशवीत दोन वेळच्या सुक्याला पुरतील एवढ्या तिसऱ्या जमल्या होत्या. चांगी विमानतळावरून सुटलेलं एक विमान डोक्यावरून गेलं. जुन्या तिकिटावरची वेळ जुळत होती. "अहो, आपलं विमान," मी म्हटलं.

ह्यांनी वर पाहिलंच नाही. लिमने विचारलं होतं, पाणी परत कधी चढणार, आणि हे चिखलाच्या बोटांवर मोजत होते.