पत्र्यामागचं पाणी

सिल्वासात माणसांपेक्षा भिंतींवर जास्त जीव लावणारा एकच गृहस्थ होऊन गेला, आणि तो नेमका आमच्या शेजारी राहायला होता. जळगावकडचे हे ओव्हरसियर ऐंशीच्या दशकाच्या शेवटी टोकरखाड्याच्या वसाहतीत आले. राहायचे एकटेच. कुणाकडेही गेले, की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी पश्चिमेच्या भिंतीला गाल लावून पाहायचे. भाच्यासाठी मुलगी पाहायला गेले, तेव्हाही भिंतच पाहून आले. “मुलगी चांगलीच असेल हो, पण घरात ओल आहे!”

आमच्या पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून पत्रे मारले तेही त्यांनीच, स्वतः उभं राहून. भिंत आणि पत्रा यांच्यात लाकडी पट्ट्या घालून दोन बोटं जागा सोडली, खालची फट उघडी ठेवली. “खिळ्याच्या भोकातून पाणी शिरणारच, सर. शिरू द्या. पण बाहेर पडायला वाट ठेवा. आलेल्या पाहुण्याला कडी लावून कोंडता का तुम्ही?”

मी मान डोलावली आणि ते रजेवर जाताच ती फट सिमेंटनं लिंपून टाकली. पाली शिरत होत्या हो! शिवाय दिसायलाही किती नीटनेटकं!

श्रावणात थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला आली, आणि नेमकी तिला दिलेल्या खोलीची तीच पश्चिमेची भिंत आतून पाझरू लागली. कपाट सरकवलं, तर मागे बुरशी. “अशा ओलीत मी बाळंतीण ठेवणार नाही. तिला सासरीच परत पाठवा,” हिनं निकाल दिला. लेक मुसमुसू लागली.

ओव्हरसियर धावत आले. त्यांनी वाकून फट पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. “हे कोणी केलं?”

“गवंड्यानं केलं असेल.”

“गवंडी इतकं वाईट लिंपत नाही, सर.”

भर पावसात ते छिन्नी घेऊन बसले. पहिला टवका उडाला आणि गढूळ पाणी भसाभसा त्यांच्या पायांवर आलं. माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला. फटीला त्यांनी पालींसाठी जाळी ठोकली. लेकीला स्वतःची कोरडी खोली दिली, आणि आमच्या ओल्या खोलीत शेगडी पेटवून ते स्वतः महिनाभर झोपले. लेकीला सासरी परत जावं लागलं नाही.

नात झाली. बारशाला पाळणा आमच्या त्याच खोलीत बांधला. भिंत आता खडखडीत कोरडी होती. ओव्हरसियर आले, पण उंबऱ्याबाहेरच थांबले.

“आत या ना,” लेक म्हणाली. “तुमचीच खोली ही.”

“नको बेटा. पावसातून आलोय. कपडे ओले आहेत.”

पुढच्याच वर्षी त्यांची बदली झाली. मला मात्र ते अजून तिथेच दिसतात, दाराबाहेर निथळत, टाचा उंचावून पाळण्यात डोकावणारे.