मामांचा कायदा आणि माझा बोकड

परवा माझी नात मला एका माणसाची गोष्ट वाचून दाखवत होती. कॉलेजात तिला त्याच्यावर बोलायचं होतं. समुद्रापलीकडं इंग्रजांनी नवी गावं वसवली, त्या सुरुवातीच्या काळातला हा माणूस. देवाधर्माचं चारचौघांपेक्षा वेगळं बोलला म्हणून त्याला हाकलून दिलं. भर थंडीत पायी निघाला, लांब जाऊन स्वतःचं गाव वसवलं, आणि तिथं नियम केला की कुणाच्या देवात कुणी नाक खुपसायचं नाही. वाचून झाल्यावर नात म्हणाली, "आजी, कसला भारी माणूस ना?"

मी म्हटलं, "असेल. पण त्याच्या सुनेला विचारलं का कुणी?"

कारण असल्या माणसाच्या घरात मी नांदले आहे. माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणायची, ते याच जातकुळीतले. आमची वस्ती धारूरच्या बाजूला डोंगराच्या माळावर आहे. आता तिथं नळ आहे, डांबरी रस्ता आहे, दोन किराणा दुकानं आहेत. मामांनी वसवली तेव्हा तिथं सीताफळाची झुडपं आणि दगड, एवढंच होतं.

त्याआधी मामा खाली गावात राहायचे. गावदेवीच्या जत्रेला दरसाल एका घरानं बोकड द्यायचा, अशी रीत. मामांच्या घराची पाळी आली तेव्हा ते पारावर सगळ्यांसमोर म्हणाले, "मी देणार न्हाई." बरं, माणूस माळकरी नव्हता. मटण लई आवडीनं खायचे, नळी फोडून खायचे. त्यांचं म्हणणं वेगळंच. "मटण खायचंय तर आपल्या तोंडानं मागून खावं. देवीला कावून पुढं करायचं?"

हे गावाला झोंबलं. आडावर पाणी बंद झालं, सोयऱ्याधायऱ्यांनी दार लावून घेतलं. मामांनी माफी मागितली नाही. त्यांच्यासारखीच खोड असलेली चार-पाच घरं घेऊन ते वर माळावर गेले. त्यांत एक पिंजाऱ्याचं घरही होतं. विहीर खोदताना सुरुंग लावावे लागले, पाणी लागायला उन्हाळा गेला, पण लागलं. मग मामांनी कायदा केला. वस्तीच्या बांधाच्या आत देवाच्या नावानं रक्त सांडायचं नाही. आणि घराच्या आत कुणाचा कोण देव आहे, हे कुणी विचारायचं नाही. बकरी ईदला पिंजाऱ्याचं बिऱ्हाड धारूरला पाहुण्यांकडं जायचं आणि परतताना मामांसाठी डबा आणायचं. डब्याला कायदा लागू नव्हता.

अशा घरात मी तलवाड्याकडून सून म्हणून आले. माहेरी आमच्या देव्हाऱ्यात देवांना बसायला जागा नव्हती, इतके देव. मी बरोबर एक टोपलीभर आणले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळं घरात राज्य माझंच. मी कोनाडे भरून टाकले. मामा येता-जाता बघायचे आणि फक्त म्हणायचे, "सगळी आली का मंडळी?" मला वाटायचं, हे पाखंडी, यांच्या पापात आपण वाहून जाणार. मंगळवारी, देवीच्या वारी, मी अंगणात त्यांच्या जवळून जाताना पदर सावरून जायची, जणू त्यांचा नास्तिकपणा लुगड्याला चिकटेल. किती शहाणी होते मी!

पहिलं पोरगं झालं, आणि वर्षाचं व्हायच्या आतच त्याला गोवर आला. ताप उतरेना. डोळे उघडेना. धारूरच्या डॉक्टरनं औषध दिलं, पण मी औषधावर कसली थांबते? खाली गावाकडं तोंड केलं आणि देवीला बोलले, "माझं लेकरू वाचव, बोकड देते." चौथ्या दिवशी पोरगं दूध प्यायलं. श्रेय कुणाला द्यायचं यात मला तीळभर शंका नव्हती. डॉक्टरला मी साधं बरं झालंय म्हणून कळवलंसुद्धा नाही.

आता नवस फेडणं आलं. नवस फिटला नाही तर देवी दिलेलं परत नेते, हे मी आईच्या मांडीवर शिकलेली. म्हणजे मला काय वाटत होतं ते समजून घ्या. बोकड दिला नाही तर पोरगं जाणार. यात गंमत नव्हती. रात्री उठून उठून मी पोराच्या नाकापुढं बोट धरून बघायची.

मी दिंद्रुडच्या बाजारातून आणवून एक काळं करडू पाळलं. मामा अंगणात दोर वळत बसले होते. म्हणाले, "हे कशाला आनलंस? बोकडाचं दूध काढणार हायेस व्हय?"

"देवीचं हाय."

दोर वळणारा हात थांबला. "नवस बोललीस?"

"लेकराला ताप होता तवा."

"मला कावून न्हाई सांगितलंस?"

"तुमी नगं म्हनला असता."

"म्हनलो असतो. मग तू काय केलं असतंस?"

"तरी बोलले असते."

"मग झालं तर," मामा म्हणाले आणि पुन्हा दोर वळायला लागले. जरा वेळानं म्हणाले, "बांधाच्या आत न्हाई, एवढं ठावं हाय ना?"

"हाय. खाली गावात न्यावं लागंल. पन हे तर तोडीला गेलेत, गाडी कोन जुपनार?"

माझा नवरा तेव्हा ऊसतोडीला कोल्हापूरकडं गेलेला. मामा म्हणाले, "मी हाय की."

गाव सोडल्यापासून मामांनी त्या वेशीत पाऊल टाकलं नव्हतं. मी म्हटलं, "मामा, तुमाला तर हे पटत न्हाई."

"मला न्हाई पटत. नवस कुठं माझा हाय?"

मला वाटलं, चला, पाखंडी वळला! मनातल्या मनात मी जिंकल्याचा गुलाल उधळला.

बोकड मोठा होईपर्यंतच्या तीन-चार महिन्यांत मी त्याची जी बडदास्त ठेवली, ती नवऱ्याचीही कधी ठेवली नाही. देवीला द्यायचा जिन्नस, तो घाण कसा चालेल? म्हणून रोज सकाळी विहिरीवर नेऊन आंघोळ. मंगळवार-शुक्रवार शिकेकाई. बोकडाला इतकी गोडी लागली की बादलीचा आवाज आला की तो स्वतःच येऊन उभा राहायचा. शेजारणी हसायच्या. मी म्हणायची, "हसा, तुमाला काय कळतंय सोवळं!"

मग एका मंगळवारी गाडी जुपली. मागं मी, मांडीवर पोरगं, शेजारी बोकड, त्याच्या गळ्यात झेंडूची माळ. पुढं मामा. वेशीत शिरताच पारावरून एक म्हातारा ओरडला, "आलास का बे खाली? म्हनलंच हुतं आमी, येतंय एक दिवस नाक घासत!"

मामा म्हणाले, "सुनेला घिऊन आलोय. नाक हाय तिथंच हाय."

"देवीला पोचलंच म्हनायचं तुज्या घरचं बोकड!"

"माज्या घरचं न्हाई, तिचं हाय," मामा म्हणाले, आणि बैल सोडून चारा टाकायला लागले.

बोकड कापण्याआधी त्याच्या मानेवर, पाठीवर पाणी ओततात. बोकडानं थरारून अंग झाडलं की समजायचं, देवीनं घेतला. नाही झाडलं तर सुरी लावायची नाही. ही रीत सगळ्यांना माहीत. पुजाऱ्यानं हळदकुंकवाचं पाणी मानेवर सोडलं. सगळे "उदो उदो" ओरडले. बोकडानं डोळे मिटले. पुजाऱ्यानं दुसरा तांब्या ओतला. बोकड जरा पुढं सरकला आणि पाठ व्यवस्थित त्याच्या हाताखाली आणून उभा राहिला. तिसरा तांब्या, कानात पाणी, नाकावर पाणी. बोकडाच्या चेहऱ्यावर असा आनंद, की विचारू नका.

पुजारी वैतागून म्हणाला, "तो वस्तीवाला इथं हुबा हाय ना, म्हनून देवी घेईना."

सगळ्यांनी मामांकडं बघितलं. मला वाटलं, आता भांडण. पण मामा तसेच वळले आणि वेशीच्या बाहेर जाऊन दगडावर बसले. इकडं घागर रिकामी झाली, तरी बोकड हलेना. शेवटी एका म्हातारीनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, बोटांचा वास घेतला आणि माझ्याकडं वळली. "पोरी, ह्याला न्हाऊ घालतीस का काय?"

"व्हय, रोज," मी ताठ मानेनं म्हणाले. "देवीचा हाय म्हनून. शिकेकाईनं."

तो हशा अजून माझ्या कानात आहे. माणसं पोटं धरून पायरीवर बसली. पुजारीही हसला. "घिऊन जा माय. फुडच्या मंगळवारी आन. तवर पान्याला शिवू दिऊ नगंस!"

लोक हसत होते आणि मला रडू फुटत होतं. नवस फिटला नव्हता. पोरगं कडेवर होतं, त्याच्या कपाळाला हात लावून बघितलं, तापलं तर नाही ना. वेशीबाहेर येऊन मामांना म्हटलं, "देवी घेईना. तिला नगंच असंल का मामा?"

मला वाटलं होतं, आता हे म्हणणार, बघ, मी काय सांगत होतो. एवढी आयती संधी! मामा म्हणाले, "मला काय ठावं? माजी अन् तिची बोलचाल न्हाई."

"समद्या गावाला तर सांगत सुटला हुता!"

"माजं सांगितलं. तुजं कसं सांगू?"

मी चिडून गाडीत बसले. वाटेत घाट चढताना वारा सुटला. बोकड अजून ओला होता. वळणावर वाऱ्याचा झोत आला आणि बोकड नाकापासून शेपटीपर्यंत असा थरारला, असं अंग झाडलं, की मी, पोरगं, मामांचं मुंडासं, सगळं शिंतोड्यांनी भिजलं. माळेतली फुलं उडाली.

मामांनी कासरा ओढला. गाडी थांबली.

"झाडलं," मामा म्हणाले.

"व्हय."

"गाव लांब न्हाई. वळवू का गाडी?"

त्यांच्या आवाजात चेष्टा आहे का, मी ऐकत राहिले. नव्हती. ज्या माणसानं एक बोकड द्यायचा नाही म्हणून घरदार, आडाचं पाणी, भाऊबंद सोडले, तो माझा बोकड द्यायला पुन्हा त्या पारासमोरून जायला तयार होता. आणि ते मला नको म्हणत नव्हते, हेच अवघड. नको म्हणाले असते तर मी भांडले असते. चल म्हणाले असते तर मुकाट गेले असते. दोन्हींत मला डोकं लावावं लागलं नसतं.

पोरगं बोकडाचा कान ओढत होतं. मी खाली गावाकडं बघितलं. मनात म्हटलं, आई, घ्यायचा होता तर तिथं घ्यायचा, सगळ्यांसमोर. इथं घाटात घेतलास, त्याचा अर्थ मला लागत नाही. असाच घे, जिवंत. रागवायचं तर माझ्यावर रागव, लेकरावर नको.

"घरी चला," मी म्हणाले.

"ठरलं?"

"ठरलं. पन मामा, मला लई भ्या वाटतंय."

मामांनी मुंडासं काढून झटकलं, पुन्हा बांधलं. मागं न बघता म्हणाले, "मलाबी वाटलं हुतं. वर आलो तवा. लई दिस वाटत हुतं."

हे त्यांनी वस्तीवर कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मग बैलांना हाक दिली.

त्यानंतर पोराला नुसती शिंक आली तरी मी दचकायची, खाली गावाकडं बघायची आणि मग पोराला कडुलिंबाचा काढा पाजायची. माझ्या भीतीपायी त्या लेकरानं इतका काढा प्यायला की आजही, स्वतःची पोरं कॉलेजात गेली तरी, कडू काही ताटात वाढलं की पान सोडून उठतो. आणि मामा जाता-येता पोराच्या कपाळाला हात लावून बघायचे. मी बघत नाही असं वाटलं की मगच.