गोपाळकाकांची भीती

महिना होत आला. सांडोरहून गोपाळकाकांच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "मास्तर, बाबा गेले. सकाळी बागेतून आले, चहा मागितला आणि…" अर्ध्या दाढीनिशीच रिक्षात बसलो. ऐंशी ओलांडलेलं आयुष्य, शेवटच्या दिवसापर्यंत केळीची बाग, मरणही बिनत्रासाचं. रडू आलंच, पण मन समाधानी होतं.

काका तरुणपणी फौजेत होते, एका लढाईत अगदी आघाडीवर. निवृत्तीनंतर बाग आणि कविता. मी शाळेत मराठी शिकवायचो आणि वसईतल्या आमच्या वाचनालयाचा वार्षिक अंक काढायचो. त्यासाठी त्यांनी पहिली कविता आणून दिली:

तोफा सुरू झाल्या की मी खंदकात बसून
मनातल्या मनात घरच्या केळीला पाणी देतो.
एक रांग भिजली. दुसरी भिजली.
तिसरीपाशी माझी पँट भिजली.

मी दचकलो. सैनिकाच्या तोंडी हे? उभा जन्म मुलांना वीररस शिकवलेला मी. काकांची अब्रू वाचवल्याच्या थाटात शेवटची ओळ खोडली आणि 'तिसरीपाशी बाहू स्फुरले' असं छापून मोकळा झालो. केळीला पाणी देताना बाहू कशाला स्फुरतील, एवढंही डोक्यात आलं नाही!

प्रकाशनाच्या दिवशी काका वाचायला उभे राहिले. तिथवर आले, थांबले, अंक मिटला. "हे मास्तरांचं. माझं आता सांगतो," म्हणत त्यांनी मूळची ओळ म्हटली. मागे कुणीतरी फिसकन हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नंतर माफी मागायला त्यांच्या बागेत गेलो तर शांतपणे म्हणाले, "मास्तर, माझ्या शेजारी बसलेला जवान त्याच खंदकात मारला गेला. बाहू स्फुरलेले ते कुणी वेगळेच. आम्ही दोघं घाबरून बसलो होतो. आम्हाला कशाला खोडलंत?" शूरांच्या कविता मी ढीगभर शिकवल्या होत्या. घाबरलेला माणूस घरचं काम घट्ट धरून बसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

बागेत कामाला येणारी कामण गावची सुमनताई तिथेच उभी होती. तिचा मुलगा सीमेवर. तिनं विचारलं, "काका, आमचा पोरगा फोनवर मजेत हाय बोलतो. त्याला पन भीती वाटत असंल?"

"वाटत असेल. खोदून विचारू नकोस. बागेत पाणी कुठवर आलं, ते सांगत जा."

गेल्या आठवड्यात सांडोरला गेलो. काकांच्या बागेत सुमनताई एका हातानं कानाला फोन लावून, दुसऱ्या हातानं पाटातली माती ओढत होती. "पानी पाचव्या रांगेत आलं रे… थांब, सहावीत वळवते." मग बराच वेळ ती नुसतीच ऐकत राहिली. फावडं खाली ठेवून बांधावर बसली.

"वाटू दे रे," ती म्हणाली. "काकांना पन वाटायची. बोल तू, मी हाय."