क्वार्ट्झची क्युवेट

शालूताई, माझी थोरली बहीण, राळेगावकडं लोकांच्या वावरात निंदण करून मला शिकवत होती, आणि यवतमाळच्या कॉलेजात सर मला सांगत होते, "तू प्लास्टिकची क्युवेट घे. क्वार्ट्झची महाग असते. तुम्हा लोकांच्या हाताचा भरवसा नाही."

क्युवेट म्हणजे बोटाएवढी चौकोनी नळी. तिच्यात प्रोटीनचं द्रावण भरायचं, यंत्रात ठेवायची, आरपार अतिनील प्रकाश सोडायचा. प्रोटीन किती प्रकाश शोषतं त्यावरून त्याचं प्रमाण कळतं. साधं प्लास्टिक तो प्रकाश स्वतःच गिळतं. क्वार्ट्झ जाऊ देतं. हे सरांनीच वर्गात शिकवलं होतं. म्हणजे अज्ञान नव्हतं. नीचपणा होता.

माझा प्रकल्प सोयाबीनच्या प्रोटीनवर. प्रकल्प नाही तर एम.एस्सी. नाही. आकडे वेडेवाकडेच आले. सरांनी कागद सगळ्यांसमोर उंच धरला.

"बघा, आरक्षणाचं सोयाबीन! प्रवेश मिळतो रे, डोकं कुठून आणणार?"

पोरं खिदळली.

"आता उभा काय राहिलास? बाकीच्यांच्या क्युवेट धुऊन ठेव."

बाकीच्यांच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या. रोज मीच धुवायचो. धुवायला माझा हात चालत होता. मोजायला बाटवत होता. डॉक्टरेट घेतलेल्या माणसाची ही अक्कल!

एक क्युवेट धुतली. डिस्टिल्ड वॉटरनं विसळली. आणि ठेवली नाही. आधी नुसतं बफर, म्हणजे प्रोटीन न घातलेलं मूळ द्रावण, भरून यंत्र शून्यावर आणलं. मग माझं द्रावण भरलं. आकडा आला. हलला नाही. परत घेतला. तोच.

सर तरातरा आले. "कोणाला विचारून घेतली?"

"धुताना कोणाला विचारत होतो, सर?"

या वेळी कोणी खिदळलं नाही.

"माफीनामा लिहून दे. नाहीतर प्रकल्पावर माझी सही विसर."

मी त्या माणसाकडं पहिल्यांदा नीट बघितलं. सही काढून घेतली तर त्याच्याजवळ काहीच उरत नव्हतं. भीती वाटली नाही. कीवही नाही.

फोनवर आवाज फुटला असता, म्हणून ताईला पत्र धाडलं.

"ताई, सर माफीनामा मागून राह्यले. मी देनार नाई. प्राचार्याले तक्रार देली, सर काय बोलले थे शब्द न् शब्द लिहून. डिग्री अडकली तं अडको. तू म्हनशीन, कायले भांडतं, थोडे दिवस मान खाली घाल. थे सोडून काईबी सांग. उद्या मी त्याइच्याच समोर क्वार्ट्झची क्युवेट मागनार हावो. नाई देली तं प्रयोगशाळेच्या दारात बसनार. मी असा बसीन, का आत जाच्यासाठी त्याइले मले ओलांडा लागन."