चढणीची वीज

मला माझ्या गणिताचा फार तोरा आहे, हे आधीच सांगून टाकते. वाळूजच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते, आणि माझी मोजणी चुकली असं वीस वर्षांत कुणी म्हटलेलं नाही. म्हणण्याची हिंमत झाली नसेल, तेही शक्य आहे.

दोन वर्षांपूर्वी मी एक वापरलेली इलेक्ट्रिक गाडी घेतली, ती वडिलांपायी. काचबिंदूनं त्यांची नजर गेली तेव्हा मी त्यांना शहरातल्या माझ्या फ्लॅटवर आणलं होतं. चार महिने ते बाल्कनीतल्या खुर्चीत बसून राहिले. वाढलं की जेवायचे, विचारलं की बोलायचे, बाकी गप्प. घाटावरच्या आमच्या गावी, खुलताबादला मात्र त्यांना पायरी न् पायरी पाठ. काठी घेऊन एकटे चहाच्या दुकानावर जातात, राजकारणावर वाद घालतात आणि एकटेच घरी येतात. शेवटी मी फ्लॅट सोडला आणि आम्ही दोघं गावच्या घरी परतलो. रोज सकाळी घाट उतरून वाळूज, संध्याकाळी घाट चढून घर. पेट्रोलवर हे मला परवडलं नसतं.

अडचण चार्जिंगची होती. आमचं घर अरुंद गल्लीत, गाडी उभी करायची वेशीबाहेर, तिथं वीज कुठली? रस्त्यावरच्या चार्जिंग स्टेशनवर नंबर लावायचा तर घरी पोचायला रात्र होते, आणि तोवर वडील न जेवता दारात बसून राहतात. त्यामुळे सगळी भिस्त कारखान्याच्या शेडमधल्या एका प्लगवर. साहेबांची तोंडी परवानगी होती.

एका मीटिंगमध्ये कुणीतरी 'फुकटची वीज' असं पुटपुटलं. साहेब म्हणाले, "मॅडम, रोज किती युनिट लागतात त्याचा अंदाज द्या, तेवढे पैसे भरत जा. विषय संपला." रास्त बोलले. दुसऱ्या दिवशी मी घरून निघताना बॅटरीचे टक्के लिहून घेतले, कारखान्यात पोचल्यावर पुन्हा लिहिले आणि त्यावरून युनिट काढले. पावणेतीन. जाणं-येणं मिळून दुप्पट, साडेपाच. कंपनीच्या दहा रुपये दरानं रोजचे पंचावन्न. इथंच थांबायला हवं होतं. पण तो 'फुकट' शब्द झोंबला होता, म्हणून मी सगळ्यांदेखत सांगून बसले, "साडेपाचाच्या वर गेलं तर दुसऱ्या दिवसापासून प्लगला हात लावणार नाही." असली पैज माझ्याकडे कुणीही मागितली नव्हती.

आमच्या वायरमन मामांनी प्लगला छोटं मीटर जोडलं. निवृत्तीला आलेला माणूस, बोलणं कमी. आठवडाभर त्यांनी रोजचा आकडा टिपला आणि शनिवारी मला शेडमध्ये बोलावून कागद दाखवला. रोजचे सरासरी सव्वाआठ युनिट.

मी काय केलं असेल? त्यांच्यावरच खेकसले. "मामा, तुमचं मीटर पळतंय!"

"दुसरं लावून बी पाहिलं, ताई. तेबी तेवढंच दावतंय." त्यांनी चष्मा वर केला. "तुमी हिसाब कोन्या फेरीचा धरला?"

"सकाळच्या. आणि केला दुप्पट."

मामा हसायलाच लागले. "अवो, मी बी तिकडलाच हाय. जवानीत खुलताबादेहून सायकलीवर पेरूच्या पाट्या घेऊन शहरात यायचो. भरल्या पाट्या, पर घाटात पायडल मारायचं काम नाय. आन् सांजच्याला रिकामी सायकल वर ढकलताना जीव लई मेटाकुटीला यायचा. गाडीचं बी तसंच हाय. त्यात चार्जिंग होताना थोडी वीज गरमीत जाती, ती येगळी."

रोज त्याच घाटातून जाणारी मी. संध्याकाळी टक्के भराभर उतरताना बघत होते आणि एसीच्या नावानं खडे फोडत होते. मी तिथल्याच केबलच्या ड्रमवर बसले आणि मामांना वडिलांबद्दल सगळं सांगितलं, जे कारखान्यात कधी कुणाला सांगितलं नव्हतं. प्लग गेला तर त्यांना पुन्हा शहरात, त्या खुर्चीत नेऊन बसवावं लागेल, हेही सांगितलं. आकडा जरा कमी लिहाल का, हे अगदी ओठांवर आलं होतं. वीस वर्षं दुसऱ्यांचे आकडे पकडणाऱ्या माझ्या ओठांवर! आजही आठवलं की लाज वाटते.

मामांना ते न बोलताच कळलं असावं. "आकडा बदलनार नाय," ते म्हणाले. "पर सोमवारी साहेबाकडं मी येतो तुमच्यासंगं."

सोमवारी साहेबांनी कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही तर साडेपाच म्हणाला होतात."

मी तोंड उघडायच्या आत मामा पुढे झाले. "साहेब, त्या खाली येतात कंपनीसाठी आन् वर जातात बापासाठी. बाप आंधळा हाय. हिसाब करताना त्यांनी कंपनीचंच धरलं, बापाचं धरायचं राहून गेलं."

साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "सव्वाआठ लिहा. प्लग राहू दे."

बाहेर आल्यावर मी मामांचे आभार मानायला वळले. ते म्हणाले, "जावा, गेटवर तुमचा माल आलाय," आणि चालू लागले. दोन वर्षं रोज संध्याकाळी मी तो घाट चढत होते, आणि त्यात काही मोजण्यासारखं आहे हे मलाच कधी सुचलं नव्हतं. या माणसानं ते मोजलं होतं, आणि एकही युनिट कमी न करता माझ्या बाजूनं मांडलं होतं.